चर खणण्याआधी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझं लहानपण रानात गेलं. आमच्या जमिनीचा एक तुकडा खोलगट होता. पावसाळा लागला की त्यात पाणी साचायचं आणि पीक पिवळं पडायचं. एका वर्षी अब्बांनी मनावर घेतलं. मृगाच्या आधी दोन गडी लावून त्यांनी रानाच्या मधोमध चर खणला आणि खालच्या बांधापर्यंत नेऊन सोडला. पाऊस झाला, पाणी वाहून गेलं, आमचं रान मोकळं झालं. अब्बा खूश होते. चौथ्या दिवशी सकाळी खालच्या रानाचे तात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचा भुईमूग पाण्यात बसला होता. तात्या भांडले नाहीत. ओट्यावर टेकले, अम्मीनं दिलेला चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, ‘‘गड्या, खणायच्या आधी एक हाक मारायची होतीस. मीच कडेनं ओढ्याला वाट काढून दिली असती.’’

आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याचं नाव जरा भारदस्त आहे. शेतीच्या मोठ्या प्रकल्पांमुळे सीमेपलीकडच्या पर्यावरणावर होणारे परिणाम, आणि त्याबद्दल शेजारी देशांशी करायचा विचारविनिमय. पण मुळात ही गोष्ट तात्यांच्या भुईमुगाचीच आहे. फरक एवढाच की, बांधाच्या जागी दोन देशांची सीमा असते आणि पलीकडच्या माणसाला सकाळी उठून आपल्या ओट्यावर येता येत नाही. त्याला पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो आणि आल्यावर कोणाच्या ओट्यावर बसायचं हेही ठाऊक नसतं. मी शास्त्रज्ञ नाही, वकीलही नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण तात्यांच्या वाक्यातला ‘आधी’ हा शब्द माझ्या मनातून गेला नाही. पुढं या विषयावर वाचत गेलो, तेव्हा देशादेशांतले करारमदारही याच एका शब्दाभोवती फिरतात, असं मला दिसलं.

शेतीकडे आपण निरुपद्रवी उद्योग म्हणून पाहतो. धूर कारखान्याचा, विष रसायनाच्या टाकीतलं आणि शेत म्हणजे हिरवं, असं चित्र आपल्या मनात असतं. ते अगदीच खोटं नाही. कॅनडातल्या ट्रेल गावी धातू गाळण्याची एक भट्टी होती. तिचा धूर सीमा ओलांडून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचं नुकसान झालं. दोन्ही देशांनी लवाद नेमला. आपल्या भूमीचा वापर शेजाऱ्याला गंभीर इजा होईल असा करण्याचा हक्क कोणत्याही देशाला नाही, असा निवाडा त्या लवादानं १९४१ साली दिला. तिथे शेतकरी सोसणारा होता. पण शेती आता एकट्या कुळवानं होत नाही. लाखो हेक्टरांचे प्रकल्प, शेकडो किलोमीटरचे कालवे, एका छपराखाली लाखभर कोंबड्या, अशीही शेती असते. कालवा काढला की खालच्या देशाचं पाणी कमी होतं. खतं आणि मलमूत्र नदीत उतरलं की खालच्या तळ्यात शेवाळ माजतं. जंगल जाळून रान मोकळं केलं की वाऱ्याबरोबर धूर जातो. शेत जागेवर राहतं, पण त्याचं पाणी आणि त्याची हवा जागेवर राहत नाही.

न विचारता केलेलं काम किती दूर जाऊ शकतं, याचं एक उदाहरण सांगतो. ते इंडोनेशियातलं आहे.

इंडोनेशिया हा भात खाणारा देश. १९८४च्या सुमारास तो तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि त्याबद्दल अध्यक्ष सुहार्तो यांचा जगात गौरव झाला. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, जावा बेटावरची सुपीक जमीन घरांखाली आणि कारखान्यांखाली जाऊ लागली आणि तांदूळ पुन्हा आयात करायची वेळ आली. तेव्हा १९९५च्या अखेरीस सुहार्तोंनी हुकूम काढला. बोर्निओ बेटाचा जो भाग इंडोनेशियाकडे आहे त्याला कालिमांतान म्हणतात. तिथल्या मध्य कालिमांतान प्रांतात दहा लाख हेक्टर नवी भातशेती उभी करायची. हेतू वाईट होता असं कोण म्हणेल? लोकांच्या ताटात भात पडावा, हाच हेतू होता.

पण ती जमीन कसली होती? ते दलदलीतलं जंगल होतं आणि खाली पीट होतं. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा हजारो वर्षांत साठलेला थर. काही ठिकाणी तो दहा मीटरहूनही खोल असतो. पाण्यात असतो तोवर ओल्या स्पंजासारखा शांत पडून राहतो. वरचं पाणी काढून घेतलं की तो खचतो, वाळतो आणि वाळला की जळणासारखा पेटतो. आग जमिनीच्या वर दिसत नाही, आत धुमसत राहते. वरून पाणी मारून ती विझत नाही, मोठ्या पावसाची वाट पाहावी लागते.

१९९६च्या सुरुवातीला तिथं खोदकाम सुरू झालं. चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास पुरा व्हायच्या आत जंगल पडू लागलं होतं आणि पाणी वाहून जाऊ लागलं होतं. म्हणजे अब्बांच्या चरासारखंच: आधी कुदळ, मग विचार. जावावरून हजारो कुटुंबं तिथं आणून वसवली. खोल पीटच्या आम्लधर्मी जमिनीत भात धरत नाही, हे त्या कुटुंबांना पेरल्यावर कळलं.

आणि १९९७ साली एल निनो आला, पाऊस लांबला. सुमात्रा आणि कालिमांतानमध्ये तेलताडाच्या आणि इतर लागवडीसाठी रान जाळून साफ करायची चाल होतीच. त्यात हे वाळवलेलं पीट पेटलं. सगळाच धूर या भातप्रकल्पातला नव्हता, पण आगीचं एक मोठं केंद्र तिथं होतं. धूर मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि दक्षिण थायलंडपर्यंत पसरला. बोर्निओच्या मलेशियाकडे असलेल्या सारावाक राज्यात सप्टेंबरमध्ये आणीबाणी पुकारावी लागली. लोकांना घरात बसा म्हणून सांगितलं गेलं. ‘नेचर’ या नियतकालिकात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीटच्या आणि जंगलाच्या आगीतून जो कार्बन हवेत गेला, तो साऱ्या जगाच्या कोळसा-तेलातून वर्षभरात जाणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के भरेल.

सुहार्तोंची सत्ता १९९८ साली गेली, पाठोपाठ हा प्रकल्पही सोडून दिला गेला. तांदूळ मिळाला नाही, जंगल मात्र गेलं. कालवे राहिले आणि ते पीटला वाळवतच राहिले.

आता विचार करा. १९९५ साली इंडोनेशियानं मलेशियाला आणि सिंगापूरला विचारलं असतं, ‘‘आम्ही असं असं करणार आहोत, तुम्हाला काही सांगायचं आहे का?’’, तर काय झालं असतं? कदाचित प्रकल्प झालाच असता. पण पीटचे जाणकार त्या देशांतही होते. ‘हे वाळलं तर पेटेल आणि धूर आमच्याकडे येईल’, असं कोणीतरी कागदावर लिहून दिलं असतं. मग आखणी करणाऱ्याला त्या कागदाचं उत्तर द्यावं लागलं असतं. खोल पीटचा भाग वगळा, उथळ जमिनीवर आधी थोडं करून पाहा, एवढं जरी झालं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं.

विचारलं नाही, म्हणून मग सगळी धडपड धूर आल्यानंतरची झाली. आग्नेय आशियातल्या देशांनी जून २००२मध्ये क्वालालंपूरला धुराबद्दलचा करार केला. २००३ साली तो अमलात आला. पण ज्या देशातून धूर येत होता, त्या इंडोनेशियाच्या संसदेनं तो मंजूर करायला २०१४ साल उजाडलं. त्याच वर्षी सिंगापूरनं कायदा केला. सीमेपलीकडे आग लावून सिंगापुरात धूर आणणाऱ्या कंपनीला, मग ती कुठलीही असो, दिवसाला एक लाख सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड. तरी २०१५ साली पुन्हा आगी भडकल्या. त्यात इंडोनेशियाचं स्वतःचं झालेलं नुकसान जागतिक बँकेनं सुमारे १६ अब्ज डॉलर धरलं. या धुरात सगळ्यात जास्त वेळ श्वास घेतला तो सिंगापूरच्या लोकांनी नव्हे, कालिमांतानच्या आणि सुमात्राच्या खेड्यांतल्या मुलांनी. शेजाऱ्याला वाचवणारा प्रश्न वेळेवर विचारला असता, तर घरातली माणसंही वाचली असती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दंड, भरपाई, निषेध हे सगळं ‘नंतर’चं आहे. ‘आधी’ची काही व्यवस्था जगात आहे का? आहे. त्यासाठी आपण युरोपात जाऊ.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिला लागून एस्पो नावाचं शहर आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी तिथं युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या देशांनी एक करार स्वीकारला. १९९७ साली तो अमलात आला. पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करताना सीमेपलीकडचे परिणामही मोजायचे आणि पलीकडच्यांना विचारायचं, हा त्याचा गाभा. हा करार झाला त्यामागे अनुभव होता. एका देशाच्या धुरामुळे दुसऱ्या देशाच्या तळ्यांत आम्ल पाऊस पडलेला या लोकांनी पाहिला होता. १९८६ साली चेर्नोबिलचा किरणोत्सारी ढग सीमा न पाहता फिरलेलाही पाहिला होता.

हे विचारणं प्रत्यक्षात कसं चालतं? आयर्लंड बेटाचं उदाहरण घेऊ. तिथं एका बाजूला आयर्लंडचं प्रजासत्ताक आहे, दुसऱ्या बाजूला ब्रिटनच्या ताब्यातला उत्तर आयर्लंड. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, बरीचशी शेतांमधून आणि ओढ्यांमधून जाणारी. अर्न नावाची नदी प्रजासत्ताकातल्या कॅव्हनमध्ये उगम पावते, सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडमधल्या फर्मानामध्ये जाते, तिथली दोन मोठी तळी पार करते आणि पुन्हा सीमा ओलांडून प्रजासत्ताकातच समुद्राला मिळते. एकच नदी दोनदा परदेशी होते. त्यात कॅव्हन हा डुकरं पाळणाऱ्यांचा जिल्हा आणि शेजारचा मोनाघन कोंबड्यांचा. सीमेच्या उत्तरेलाही अशीच शेती. डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या मलमूत्रातून अमोनिया वायू निघतो. तो हवेतून जाऊन दलदलींवर आणि माळांवर नत्राच्या रूपानं उतरतो. आपल्याला वाटेल, नत्र म्हणजे खत, बरंच झालं! पण ज्या शेवाळांना आणि दगडफुलांना उपाशी जमिनीतच जगायची सवय असते, ती या खतानं मरतात आणि त्यांच्या जागी गवत माजतं.

समजा, सीमेच्या अलीकडे कोणाला कोंबड्यांची प्रचंड मोठी शेड उभी करायची आहे. परवानगी देणाऱ्या खात्यानं आधी पाहायचं की, हिचा परिणाम पलीकडे जाणवण्याइतका होईल का. तसा संभव असेल तर पलीकडच्या देशाला कळवायचं. कधी कळवायचं, हे करारानं सांगून ठेवलं आहे: होईल तितक्या लवकर, आणि फार तर आपल्या लोकांना ज्या वेळी सांगाल त्या वेळी. त्यानंतर नाही. पत्रात प्रकल्प काय आहे, परिणाम काय होऊ शकतील, निर्णय कोणत्या प्रकारचा होणार आहे आणि उत्तर कधीपर्यंत द्यायचं, हे लिहायचं. पलीकडचा देश म्हणू शकतो, ‘आम्हाला यात पडायचं नाही.’ तो ‘हो’ म्हणाला, तर अभ्यासाचा अहवाल त्याच्याकडे जातो. आणि तो तिथल्या अधिकाऱ्यांच्या कपाटात राहून चालत नाही. तिथल्या लोकांनाही दाखवावा लागतो. अलीकडच्या गावकऱ्याला हरकत घेण्याची जेवढी संधी, तेवढीच पलीकडच्या गावकऱ्याला मिळाली पाहिजे. मग दोन्ही सरकारं बोलतात. दुसरी जागा आहे का? शेड लहान करता येईल का? वायू गाळता येईल का? शेवटी निर्णय होतो, आणि पलीकडून आलेल्या म्हणण्याचा त्यात काय विचार केला हे कारणांसहित कळवावं लागतं.

या करारात सुरुवातीला रिफायनऱ्या, वीजकेंद्रं, मोठी धरणं अशी यादी होती. कोंबड्या आणि डुकरं त्यात नव्हती. २००४च्या दुरुस्तीनं ती आली: मांसासाठीच्या ८५ हजारांहून जास्त कोंबड्या, अंड्यांसाठीच्या ६० हजारांहून जास्त, किंवा तीन हजारांहून जास्त मोठी डुकरं. ही दुरुस्ती अमलात यायला मात्र २०१७ साल लागलं. युरोपीय संघाचा स्वतःचा कायदा १९८५पासूनचा आहे. त्यात पडीक जमीन जोरदार शेतीखाली आणणं, शेतीसाठी पाणी आणणं किंवा काढून देणं, जमिनींची पुनर्रचना अशी कामंही आहेत. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडला, पण एस्पोचा करार वेगळा आहे. तो दोन्ही शेजाऱ्यांना आजही बांधून ठेवतो.

आता यातली गोम सांगतो. पंच्याऐंशी हजार कोंबड्यांची मर्यादा घातली की, माणूस ऐंशी हजारांची शेड बांधतो. पुढच्या वर्षी भाऊ शेजारी आणखी एक बांधतो. कागदावर प्रत्येक शेड लहान, हवेत मात्र सगळ्यांचा अमोनिया एकच. हे प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे आलं होतं. आयर्लंडनं पडीक जमीन शेतीखाली आणण्यासाठी आणि पीट काढण्यासाठी नुसत्या हेक्टरांच्या मर्यादा ठरवल्या होत्या. नुसता आकार पाहू नका, जागा किती नाजूक आहे आणि अशा अनेक कामांचा मिळून परिणाम काय होतो, तेही पाहा, असं न्यायालयानं सप्टेंबर १९९९मध्ये आयर्लंडविरुद्ध निकाल देताना सांगितलं. नियम असला की पळवाट असतेच. पण नियम असल्यामुळेच ती पळवाट न्यायालयात दाखवता येते, हेही खरं.

इथं कोणी विचारेल, म्हणजे शेजाऱ्यानं ‘नको’ म्हटलं की काम बंद? उद्या शेजारी आकसानं ‘नको’च म्हणत राहिला तर आम्ही शेतीच करायची नाही का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर १९५७ साली मिळालं आहे.

फ्रान्स आणि स्पेन यांच्या मध्ये पिरेनीज पर्वत आहे. त्यात फ्रान्सच्या हद्दीत लानू नावाचं तळं आहे. त्याचं पाणी कारोल नदीनं स्पेनमध्ये उतरतं आणि तिथली शेतं भिजवतं. वीज काढण्यासाठी हे पाणी दुसऱ्या बाजूला वळवायचं फ्रान्सनं ठरवलं. दोन्ही देशांत वर्षानुवर्षं बोलणी झाली आणि त्या ओघात फ्रान्सनं आपली योजना बदलली. जेवढं पाणी वळवू तेवढं बोगद्यानं, स्पेनच्या शेतकऱ्यांच्या पाटाच्या वर, परत नदीत आणून सोडू, असं कबूल केलं. तरी स्पेनचं म्हणणं, आमच्या संमतीशिवाय काहीच करायचं नाही. लवादानं सांगितलं की, संमतीची अट कायद्यात नाही, शेजाऱ्याला नकाराधिकार नाही. पण प्रामाणिकपणे बोलणी करणं आणि शेजाऱ्याच्या हिताचा खरोखर विचार करणं मात्र बंधनकारक आहे.

मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. विचारणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. विचारणं म्हणजे आपली आखणी अजून पेन्सिलीत असताना दुसऱ्याला दाखवणं. स्पेनचा खटला हरला, पण स्पेनच्या शेतकऱ्याचं पाणी राहिलं, कारण बोलणी बोगदा खणण्याआधी झाली होती. पुढं २०१० साली अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या कागदगिरण्यांच्या वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही म्हटलं की, शेजाऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तिथं परिणामांचा अभ्यास करणं हे आता सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यानुसारच आवश्यक आहे.

मग जिथं असा करार नाही आणि बोलणंही नाही, तिथं काय होतं? उत्तर अफगाणिस्तानात आज ते दिसतं आहे. अमू दर्या नदीतून कोश तेपा नावाचा कालवा तिथं खणला जात आहे. मार्च २०२२मध्ये तालिबान सरकारनं काम सुरू केलं. २८५ किलोमीटर लांबी, सुमारे शंभर मीटर रुंदी आणि साडेपाच लाख हेक्टर जमीन भिजवायचा बेत. पहिला १०८ किलोमीटरचा टप्पा ऑक्टोबर २०२३पर्यंत झालाही. खाली उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान आहेत, त्यांचा कापूस आणि गहू याच नदीवर आहे. नदीचं पाणी जिथं पोचायचं त्या अरल समुद्राचं काय झालं, हे जगाला ठाऊक आहे. खणायच्या आधी शेजाऱ्यांशी रीतसर विचारविनिमय झाला नाही. उझबेकिस्तानच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०२३मध्ये दुशान्बे इथल्या परिषदेत सांगितलं की, या कालव्यानं मध्य आशियातल्या पाण्याचा सारा हिशेबच बदलेल, सगळ्यांनी मिळून अभ्यास करू आणि अफगाणिस्तानलाही चर्चेत घेऊ. तोवर पहिला टप्पा संपत आला होता.

पण इथं एकाच बाजूला बोट दाखवून चालणार नाही. सोव्हिएत काळात कापसासाठी अमू दर्यातून प्रचंड कालवे काढले गेले. अरल समुद्र आटला तो त्यानंच. त्या पाणीवाटपाच्या हिशेबात अफगाण शेतकरी कुठं होता? फेब्रुवारी १९९२मध्ये मध्य आशियातल्या पाच नव्या देशांनी अल्माटीला पाण्याचा करार केला, त्यातही अफगाणिस्तान नव्हता. चाळीस वर्षं युद्धात होरपळलेल्या, उपाशी माणसाला नदीचं पाणी मागायचा हक्क आहेच. ज्याला कधी कोणी विचारलं नाही, तो आता दुसऱ्याला विचारत नाही. पण या हिशेबात नदी हरते आणि सगळ्यात खालच्या टोकाला असलेला गरीब शेतकरी हरतो. शिवाय हा कालवा बव्हंशी मातीचा आहे. पाझरून पुष्कळ पाणी वाया जाईल, असं जाणकार सांगतात. जुने कालवे कसे पाझरतात हे उझबेकिस्ताननं भोगलेलं आहे. ते ज्ञान शेजारी होतं, पण ते मागितलं गेलं नाही.

आणि आपण? एस्पोचा करार युरोपाबाहेरच्या देशांनाही खुला करण्यासाठीची दुरुस्ती २०१४ साली अमलात आली. भारत त्यात नाही. आपल्याकडे २००६ सालची पर्यावरण परिणाम अधिसूचना आहे. देशाच्या किंवा राज्याच्या हद्दीजवळ ठरावीक अंतरात येणाऱ्या प्रकल्पाची फाइल राज्याऐवजी दिल्लीला जावी, अशी तरतूद तिच्यात ठेवली गेली. ते अंतर आधी दहा किलोमीटर होतं, पुढं पाच झालं. म्हणजे हद्द जवळ आहे, याची जाणीव कायद्याला आहे. पण त्यामुळे फाइलचं टेबल बदलतं, पलीकडच्या गावाला हाक मारली जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाबात भाताचं काड जळतं. सीमेच्या दोन्ही अंगांना जळतं, आणि लाहोर आणि दिल्ली दोन्ही खोकतात. वाऱ्याची दिशा बदलली की आरोपाचीही बदलते. आणि देशांचंच कशाला? कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाला अलमट्टीचं नाव काढलं की काय वाटतं, ते मी सांगायला नको. धरण कर्नाटकात, शेतीसाठी बांधलेलं, आणि पुराची धास्ती महाराष्ट्रात. पाण्याची पातळी किती ठेवायची हे पुराच्या रात्री फोनवर ठरवण्यापेक्षा उन्हाळ्यात समोरासमोर बसून ठरवणं बरं, एवढं शहाणपण दोन्ही काठांनी महापुरांतून घेतलं असेल, अशी आशा करू या.

इंडोनेशियानं २०२० साली मध्य कालिमांतानमध्ये पुन्हा अन्नधान्याचा मोठा प्रकल्प जाहीर केला. त्यातला काही भाग त्याच जुन्या, कालव्यांनी चिरलेल्या जमिनीवर आहे. भूक खरी असते, म्हणून असे प्रकल्प पुन्हा पुन्हा येणार. ते येऊ नयेत असं मी म्हणत नाही. पलीकडे ज्याच्या अंगणात पाणी किंवा धूर जाणार आहे, त्याला कुदळ उचलण्याआधी विचारावं, एवढंच म्हणतो.

आमच्या घरात वडीलधारी मंडळी म्हणायची, शेजाऱ्याचा हक्क मोठा. लहानपणी मला तो सणाच्या दिवशी खिरीची वाटी पोचवण्यापुरता वाटायचा. तात्या आले त्या सकाळी तो मला वेगळा कळला. पुढच्या उन्हाळ्यात अब्बा आणि तात्या दोघं मिळून बांधावर उभे राहिले. काठीनं मातीवर रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. चर तात्यांच्या रानाच्या कडेनं ओढ्याला गेला. लांबी दुप्पट झाली, खर्च निम्मा निम्मा झाला. आणि त्या पावसाळ्यात दोन्ही रानं पिकली.